सिस्टरांनी पुढं सरकवलेलं ताट

"चुकलं? मग परत. पहिल्यापासनं." आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर हे म्हणताना चष्मा कपाळावर चढवायच्या. रागवायची त्यांची तयारी एवढीच असे.

टीबीच्या गोळ्या अर्ध्यात सोडणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. जरा बरं वाटलं की गोळी बंद. आमच्या गावचे एक आबा तर गोळी गालात धरून निघायचे आणि शेतातल्या तुरीत थुंकायचे. सिस्टरांनी त्यांना बांधावर गाठलं. मला वाटलं, आता आबांची खरडपट्टी निघणार. पण त्या म्हणाल्या, "आबा, देव तुम्हाला कंटाळला न्हाय, तर म्या कोण कंटाळणार? उद्यापासनं परत पहिली गोळी." आबा तिसऱ्या खेपेला बरे झाले.

सिस्टर ख्रिस्ती होत्या. नवरा लवकर वारलेला, एकच लेक. दर रविवारी धाराशिवला चर्चमध्ये जायच्या. मी दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर. पुढचं सांगायला मला जड जातं, पण ते सांगितल्याशिवाय सिस्टर तुम्हाला कळायच्या नाहीत.

माझ्या मेव्हण्याचं लग्न झालं होतं. नवरा-नवरीला तुळजापूरला दर्शनाला न्यायचं होतं. सासरी मिरवायची मला भारी हौस. मी दवाखान्याचीच गाडी काढली. दोन-तीन तासांचं काम, कुणाला कळतंय! त्याच दुपारी सिस्टरांच्या लेकीला रक्तस्राव सुरू झाला. ती बाळंतपणाला माहेरी आली होती. माझा मोबाइल देवळाबाहेर गाडीत पडलेला. गावात जीप मिळेपर्यंत तास गेला. लेक वाटेतच गेली, पोटातलं बाळही गेलं. मी परतलो तेव्हा माझ्या कपाळावर देवीचं कुंकू होतं.

चौकशीला साहेब आले. सिस्टरांनी सगळं खरं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. मग म्हणाल्या, "साहेब, ह्याला काढू नका. नवा येईल तो चुकूनच शिकंल. हा चुकून बसलाय. ह्याला एक डाव संधी द्या."

नोकरी वाचली. त्यानंतर आठ वर्षं त्या माझ्या शेजारी बसून गावोगाव फिरल्या. डब्यातली भाकरी मला दिली, माझ्या पोरीला लस टोचली. मी समजलो, झालं गेलं गंगेला मिळालं.

एक दिवस त्यांच्या चर्चचे पाळक दवाखान्यात आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं. प्रभूनं आपल्याला क्षमा केली, त्याची आठवण म्हणून ताटातला भाकरीचा तुकडा घ्यायचा. पण मनात कुणाविषयी अढी असेल, तर आधी ती सोडायची. सिस्टर आठ वर्षं झाली, तुकडा न घेताच ताट पुढं सरकवतात."

"अढी? कुणाविषयी?" मी विचारलं. त्यांनी दारात उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडं बोट केलं.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांपुढं उभा राहिलो. "मग माझी नोकरी का वाचवली तुम्ही?"

"हातानं करता येतं तेवढं केलं बाबा," त्या म्हणाल्या. "मन ऐकत न्हाय. देवापुढं खोटा घास कसा खाऊ?" मग म्हणाल्या, "येत्या रविवारी ये. तू समोर असलास तर जमंल कदाचित."

मी गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. ताट हातोहात फिरत त्यांच्यापर्यंत आलं. त्यांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. हात तुकड्यापाशी गेला, तिथंच थांबला. मग त्यांनी ताट शेजारच्या बाईकडं दिलं. मला उठून पळून जावंसं वाटलं.

बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते. "न्हाय जमलं रे," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात परत ये. येशील न्हवं?"

"येतो की," मी म्हणालो.

पुढचा महिना त्यांना मिळालाच नाही. अकराव्या दिवशी ड्युटीवरच छातीत कळ आली. गाडी दारातच उभी होती. इतकी जोरात मी ती कधी हाकली नव्हती. धाराशिवच्या अलीकडं, रेल्वे फाटकापाशी सिस्टर गेल्या.

माती झाल्यावर पाळकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "देवानं तुम्हाला क्षमा केली आहे."

"देवानं केली असंल, साहेब," मी म्हणालो. "मला सिस्टरांची पाहिजे होती."