सैल नव्हता पट्टा

सकाळचे आठ वाजायला आलेत आणि उत्तम ढमाळ बसल्या जागी पेंगतो आहे. छावणीतल्या इस्पितळात, रक्त तपासायच्या खोलीबाहेर, लोखंडी खुर्च्यांची रांग आहे. त्यातली भिंतीला टेकलेली, दोन्ही दारं नजरेत राहतील अशी खुर्ची त्याने धरली आहे. पलटणीतून नाईक म्हणून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी पाठीमागे मोकळी जागा असली की त्याला बसवत नाही. शेजारी बायको, शालन, फाईल मांडीवर घेऊन बसली आहे.

आजची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळी सुई टोचायला कुणी दंडाला हात लावला आणि उत्तम उठून चालता झाला. एकदा तर त्याने त्या माणसाचं मनगटच पिरगळलं. मेजर डॉक्टरबाई मात्र चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "धोका दिसला की अंगात काही द्रव्यं उसळतात, काळीज धडधडतं. ती उसळी आवरायला मदत करणारंही एक द्रव्य असतं, कॉर्टिसॉल. तुमच्यासारख्या काही जवानांत ते उलट कमीच सापडतं. सगळ्यांत नाही. म्हणून सकाळच्या रक्तात बघायचंय."

"म्हणजे मी येडा न्हाय?" उत्तमने विचारलं होतं.

"नाही हो. लढाई संपली हे अंगाला अजून कळलेलं नाही."

रात्रभर त्याचा डोळा लागलेला नाही. "नंबर आला की सांगते," शालन म्हणते. तिचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. खुर्ची गार आहे, मग तीही जाणवेनाशी होते.

दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर रामलिंग बिराजदार येऊन बसतो. रामलिंग त्याच्याच सेक्शनमधला, लातूरकडचा. एकोणीस वर्षांपूर्वी सीमेवरच्या एका डोंगरधारेवर सुरुंगावर पाय पडून तो गेला. हे उत्तमला ठाऊक आहे. रामलिंगलाही ठाऊक असावं. त्याचं दोघांना काही विशेष वाटत नाही.

"काय करलालास इथं?" रामलिंग विचारतो.

"रक्त द्यायचंय. तपासायला."

"मग दे की. केस लई गेले रे तुझे."

"एकोणपन्नास सरलं मला. तू हायस तसाच."

"मला काय झालंय!"

दोघं उठून चालू लागतात. व्हरांडा वळतो आणि उत्तमच्या फलटणच्या घरातल्या स्वयंपाकघरात शिरतो. ओट्यावर कुकर आहे. शिट्टी होते आणि दोघंही एका झटक्यात फरशीवर पालथे पडतात, हात डोक्यावर. थोड्या वेळाने रामलिंग मान वर करतो.

"कुकर हाय की बे."

"ठाऊक हाय. दर बारीला असंच हुतं."

"अजून?"

"अजून."

उत्तम कोपरावर उठतो. फरशीच्या जागी आता दगडी चुरा आहे, वारा आहे, आणि पुढची वाट फुटभर रुंद. ओटा मात्र तसाच आहे, कुकरही. रामलिंग दोन पावलांवर उताणा पडला आहे. त्याच्या डाव्या पायाकडे उत्तम बघत नाही.

"बघ की इकडं," रामलिंग म्हणतो.

"न्हाय."

"का न्हाई?"

शालनला, आईला, डॉक्टरबाईंना, कुणालाच न सांगितलेलं ते उत्तमच्या तोंडून निघतं. "तुझ्या पायाला बांधलेला पट्टा सैल बसला माझ्या हातनं. थंडीनं बोटं वळंनात. रगत थांबलं न्हाय, म्हणून तू गेलास."

रामलिंग उठून बसतो. "असं कोण म्हणलं?"

"कोण कशाला म्हणंल? मलाच ठाऊक हाय."

"त्या दिवशी मी होतो का तिथं?"

"म्हणजे? होतास की."

"मग मला इचारायचं." रामलिंग आपल्या कमरेचा पट्टा सोडतो. "हात दे."

उत्तम हात पुढे करतो. रामलिंग त्याची बाही वर सारतो, पट्टा दंडाभोवती घेतो आणि आवळतो. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात.

"असा बांधला होतास तू," रामलिंग म्हणतो. "गुडघ्याखालचं मला काईच कळत नव्हतं. पायाचं रगत थांबलं होतं, उत्तम. लोखंड वर पोटात घुसलं होतं. तिथं पट्टा कसा बांधणार?"

"मग सांगितलं का न्हाईस?"

"बोलू कुठं देत होतास? नुस्ता 'हलू नको, हलू नको' लावलं होतंस."

उत्तमला हसू फुटतं. हसता हसता नाक वाहू लागतं, डोळे वाहू लागतात. तो पुसत नाही. एक हात रामलिंगकडे आहे.

"आता तू हलू नको," रामलिंग म्हणतो.

"न्हाय हलत. घे. घे लवकर."

कोपराच्या खोबणीत मुंगी चावावी तसं काही चावतं. वारा पडतो.

"झालं काका," कुणीतरी म्हणतं.

उत्तम डोळे उघडतो. तो खोलीतल्या खुर्चीवर आहे. पांढऱ्या कोटातली मुलगी छोट्या नळीवर त्याचं नाव लिहिते आहे. नळी भरलेली आहे. शालन दारात उभी, पदर तोंडाशी.

"मी कधी आलो आत?"

"नंबर पुकारला तर उठून आलात की," शालन म्हणते. "डोळं उघडं, पण बोलंना तुम्ही. बसलात आन् आपणच हात पुढं केलात. म्हणालात, घे लवकर."

तो हाताकडे बघतो. कोपराच्या आत कापसाचा बोळा चिकटवलेला आहे. त्याच्या वर, दंडाभोवती, रबरी पट्ट्याचा लाल वळ उठला आहे, चांगला बोटभर रुंद. उत्तम त्यावर अंगठा ठेवून सगळीकडून फिरवतो.

मुलीचं लक्ष जातं. "जास्त घट्ट बांधला का हो काका? दुखतंय?"

"न्हाय पोरी," उत्तम म्हणतो. "बरोबर बसला हुता."