बांधावरच्या बाई

बाईंच्या रंगपेटीत काळा रंग नसायचा. सावलीसाठी त्या निळा घ्यायच्या, जांभळा घ्यायच्या, कधी चक्क हिरवा. मी हटकलं तेव्हा म्हणाल्या, "सावली काळी असते हे तू ऐकलंयस. बघितलंयस का?" मी वळून उसाच्या सावलीकडं पाहिलं. ती निळीच होती.

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका शाळेत त्यांनी चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी पहिल्या एसटीनं कुरुंदवाडला यायच्या आणि आमच्या बांधावर घडीचं स्टूल मांडायच्या. वर्षानुवर्षं एकच जागा. पुढं ऊस, मागं नदीकाठची झाडं, वर आभाळ. चित्रात देऊळ नाही, बैलगाडी नाही. आईनं निदान आमची म्हैस तरी काढा म्हणून आग्रह धरला. बाईंनी म्हशीची आस्थेनं चौकशी केली, तिच्या दुधाचा चहा घेतला, पण म्हैस काही काढली नाही.

हात मात्र झपाट्यानं चालायचा. ऊन कुणासाठी थांबत नाही, असं म्हणत त्या रंगांचे नुसते फटकारे मारायच्या. माझ्या वडिलांनी, आबांनी, एकदा नाक लावून चित्र पाहिलं आणि हा ऊस नव्हे, असा निकाल दिला. बाईंनी त्यांना दहा पावलं मागं नेलं. तिथून आबांनी पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "वारं बरोबर धरलंय की." याहून मोठी दाद त्यांनी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

त्याच वर्षी पूर आला. पाणी उतरलं तेव्हा रानात कुजलेला ऊस आणि गाळ उरला होता. पुढच्या गुरुवारी बाई आल्या आणि त्यांनी नेहमीसारखे रंग काढले. आबांचा तोल गेला. "आमचं सगळं गेलं आणि तुम्ही त्याचं चित्र काढतायसा?"

बाईंनी ब्रश खाली ठेवला. "आबा, हे रान पुन्हा उभं राहणार. मला खात्री आहे. मग तुम्ही काय सोसलंत, ते कुणाला खरं वाटणार नाही. म्हणून काढते. नको म्हणालात तर आत्ता उठते."

खोरं घेऊन आबांनी बाईंच्या पायांखालचा गाळ बाजूला ओढला.

रान उभं राहिलं. बाईंचे गुडघे मात्र थकले, आणि त्यांनी नागपूरला बहिणीकडं जायचं ठरवलं. निरोप घ्यायला आल्या तेव्हा आबांनी विचारलं, "आता आमच्या रानाकडं कोण बघायचं?"

बाई हसल्या. "तुम्ही आहात की."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी थंड होऊन गेली तरी आबांचा पत्ता नव्हता. मी बोलवायला गेलो. ते बांधावर बसले होते. हातात ना विळा, ना खोरं. काय काम काढलंय, मी विचारलं.

"काम न्हाय," आबा म्हणाले. "बघतोय."