आधी साली, मग कुरड्या

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागच्या लोखंडी कपाटाची घरघर ऐकून तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या फ्रिजला ताप आलाय का?" मी हसले, पण फोन ठेवल्यावर चैन पडेना. तो फ्रिज नाही, भाज्या-फळं वाळवायचा ड्रायर आहे. तो घरी कसा आला हे तुमच्या आईबाबांनाही मी अर्धंच सांगितलंय. उरलेल्या अर्ध्यात मी काही बरी दिसत नाही. आठवण शाबूत आहे तोवर तेही लिहून टाकते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर राजापेठेत आम्ही बारा जणींनी बचत गट काढला. मेथी, आलं सुकवून विकायचो. एका योजनेत ड्रायर बक्षीस होता, पण किमान तीन गटांनी मिळून अर्ज करायचा अशी अट होती. अचलपूरचा तीस जणींचा कुरड्या-पापडवाला गट आला. मोर्शीहून सात जणी आल्या. त्या संत्र्याच्या साली वाळवून पावडर करायच्या. साल दोन दिवस ओली राहिली की बुरशी धरते. पावसाळी हवेत त्यांची पोतीच्या पोती उकिरड्यावर जायची. खरी गरज त्यांची होती, आणि ते मला तेव्हाही दिसत होतं.

शुक्रवारी अकोल्याला निवड समितीपुढे तिन्ही गटांच्या सह्यांचा करार द्यायचा होता. बुधवारी आम्ही तिन्ही गटांच्या प्रमुख माझ्या घरी बसलो. माझ्याकडे वीज भरवशाची, म्हणून यंत्र इथेच ठेवायचं ठरलं. मग मी पट्टीने आखलेलं वेळापत्रक पुढे केलं. सभासद जितक्या, तितका वाटा: अचलपूरला चार दिवस, आम्हाला दोन, मोर्शीला मंगळवार.

मोर्शीच्या बाईंनी कागद दोनदा वाचला. "मॅडम, गणित बरोबर हाये. पन संत्र्याले मंगळवार समजते काय?"

"सात जनी, अन् रुबाब सत्तर जनीचा!" अचलपूरच्या बाई म्हणाल्या.

"मंग आना ना बक्षीस दोघीच मिळून." चहा तसाच ठेवून, सही न करता मोर्शीच्या बाई उठून गेल्या.

संध्याकाळभर मी घरात येरझारा घातल्या. पुस्तकांचं कपाट आवरलं, पुन्हा विस्कटलं. शेवटी अचलपूरच्या बाईंकडून नंबर घेऊन परतवाड्याच्या एका गटाला फोन लावला. मोर्शीऐवजी तुम्ही येता का, असं सरळ विचारलं. तिकडच्या बाईंनी निम्मे दिवस मागितले. मी उद्या सांगते म्हणाले आणि घाम पुसत बसले.

गुरुवारी सकाळी, रात्री इथेच बहिणीकडे राहिलेल्या अचलपूरच्या बाई परत आल्या आणि आम्ही पुन्हा कागद घेऊन बसलो, तेवढ्यात दारात मोर्शीच्या बाई. हातातली पिशवी त्यांनी टेबलावर उघडली. आत ओल्या साली, कडेने पांढुरक्या झालेल्या.

"परतवाड्याले फोन केला होता ना, मॅडम? ते माही नणंद हाये. तिसरा गट म्हनून तुमी तिलेच इचारान, हे वाटलंच होतं. निम्मे दिवस माग, हे मीच आधी सांगून ठेवलं तिले."

मला मान वर करवेना. अचलपूरच्या बाई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "बाई, तू तं आमदार व्हाले पाह्यजे!"

हसू ओसरल्यावर त्यांनी पिशवीत हात घातला, एक साल उचलून हुंगली. मग म्हणाल्या, "मॅडम, उन्हाळ्यात आमी कुरड्या करतो, तवा पाळी कशी लावतो? जिचा गहू भिजला, तिच्या घरी आधी. तिच्या घरी मानसं किती, हे कोनी इचारत नाही. चीक आंबला तं गेला."

मी वेळापत्रकावर काट मारली आणि खाली एकच ओळ लिहिली: ज्यांचा माल आधी खराब होईल, त्यांचा आधी. तिघींनी सह्या केल्या.

शुक्रवारी अकोल्याच्या एसटीत मोर्शीच्या बाई माझ्याशेजारी होत्या. त्या फोनबद्दल माफी मागायची म्हणून मी बडनेऱ्यापासून वाक्य जुळवत होते. मूर्तिजापूरला त्यांनी पेरूची फोड तिखट-मीठ लावून माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली आणि काहीच बोलले नाही. ते वाक्य आजही डोक्यात अर्धवट फिरतं.

बक्षीस आम्हाला मिळालं. पुढे अचलपूरचा गट मोडला. आमच्या बारातल्या पाचच उरल्या. ड्रायरची कॉइल दोनदा बदलली. मोर्शीच्या साली आल्या की माझी मेथी बाहेर निघते आणि त्या आत जातात. एवढं अजून चालू आहे.