युसेज तालुक्यात पहिला

"हा आकडा खोटा आहे," मी म्हणालो. "भाताच्या आवणीत वाडीवरची शाळा भरते तरी का? आणि युसेज ह्यांचा सगळ्यात जास्त?"

आमचे डायरेक्टर प्रसाद सर डॅशबोर्डकडे बघत होते. मावळातल्या ज्या शाळांना आमच्या संस्थेनं टॅब दिले होते, त्यांच्या हिरव्या पट्ट्या भिंतीवरच्या स्क्रीनवर उभ्या होत्या. वडिवळ्याच्या वरच्या अंगाला, धरणापलीकडच्या एका वाडीची पट्टी बाकीच्यांच्या डोक्यावरून गेली होती.

"जाऊन बघून या," सर म्हणाले. "पण चांगली बातमी असली तर लवकर कळवा."

माझं काम मूल्यमापनाचं. कुणीतरी पैसे देतं, संस्था शाळांना टॅब वाटते आणि त्यानं पोरं शिकली का, हे आम्ही तपासतो. सुरुवातीला पोरांना एक परिच्छेद वाचायला देतो, ती बेसलाइन. वर्षाअखेरीस दुसरा देतो, ती एंडलाइन. मधल्या काळात टॅब किती वेळ चालला, तो युसेज. तो टॅब स्वतःच मोजतो आणि रेंज मिळाली की पाठवतो. माणसाचा हात लागत नाही म्हणून सगळ्यांचा त्यावर विश्वास. माझा नव्हता. मी आधी गणिताचा मास्तर होतो. पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून गणित सोडवणारं पोर मला लांबून ओळखू येतं.

कामशेतहून गाडीनं धरणापर्यंत गेलो, पुढं चिखल तुडवत. शाळेला कुलूप होतं. मनात म्हटलं, सापडली चोरी. शिक्षिकेनं टॅब घरी नेऊन चालू ठेवले असणार. तेवढ्यात खाचरातून एका म्हाताऱ्यानं हाक मारली. ही खाचरं त्यांची. सगळे त्यांना आबा म्हणतात.

"शाळा हुडकताय व्हय? हितं न्हाई ती. माज्या गोठ्यात हाय."

आवणीत वाडीवरची सगळी माणसं आबांच्या आणि गावातल्या इतरांच्या खाचरांत भात लावायला उतरतात. आईबाप खाली आले की पोरंही खाली येतात, रोपांच्या जुड्या पोचवायला. मग वर शाळेत उरतं कोण? म्हणून तिथल्या एकट्या शिक्षिका वाघमारे बाईंनी शाळाच खाली आणली होती. गोठ्याच्या पडवीत एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला गोणपाटावर पोरं. टॅब पावाच्या पिशव्यांत गुंडाळलेले.

बाई तोंडानं फटकळ. मला बघून उठल्या नाहीत. "तपासायला आलाय ना? बसा मग. बैलाच्या मागं नका बसू."

टॅबवर वाचनाचा व्हिडिओ लागला. एक गोड आवाजाची ताई म्हणाली, 'आजोबा बागेत फिरायला गेले.' बाईंनी बोट टेकवलं. व्हिडिओ थांबला.

सुमी नावाची तिसरीतली मुलगी म्हणाली, "बाई, फिराया म्हंजी? कामाला न्हाई गेलं?"

"नाही. नुसतं फिरायला."

"नुसतं?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. धडधाकट आजोबा कामाशिवाय बाहेर पडतो, हे त्यांना पटेना.

"भुशीला शनिवार-रविवार गाड्या भरून माणसं येतात," बाई म्हणाल्या. "ती काय भात लावायला येतात का?"

मग गोठ्यात एकच गलका झाला. सुमीची आई पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी भुशी धरणावर कणसं भाजून विकते. सुमीनं तिथली सगळी माणसं करून दाखवली. पाण्यात बसून कणीस खाणारी, भिजायला येऊन वर छत्री धरणारी. बाईंनी प्रत्येकाला आपापल्या आजोबांवर एक वाक्य लिहायला लावलं. पाटीवर, जमिनीवर, जिथं जागा मिळेल तिथं. मग एकानं दुसऱ्याचं वाचायचं. सुमीनं लिहिलं होतं, 'माझा आजा फिरत नाही तो बैलामागं चालतो.' सगळ्यांनी ते मोठ्यानं वाचलं, दोनदा.

तेवढा वेळ टॅबवर ते बागेतले आजोबा एक पाय उचलून उभेच होते. आणि घड्याळ चालू होतं. धडा उघडा असला की आमचं अ‍ॅप स्क्रीन बंद होऊ देत नाही, आणि स्क्रीन उजळलेली असेल तोवर वेळ मोजतं. व्हिडिओ चालू आहे की थांबलाय, हे त्याला ठाऊक नसतं. चहा प्यायच्या वेळात संपणारा धडा बाईंकडे अख्खी सकाळ पुरत होता. म्हणजे आकडा खोटा नव्हता. फक्त तो टॅबचा नव्हता, बाईंचा होता.

"तुम्ही सारखं थांबवता का?" मी विचारलं.

"ती बया श्वास घेत नाही हो. आपलंच दामटत राहते. कुणाला कळलं, कुणाला नाही, तिला काय पडलंय?"

निघताना सुमीची आई पायाचा चिखल धूत पडवीशी आली. "सायेब, शाळा बंद करणार म्हन्त्यात, पोरं कमी हाईत म्हनून. तुमी लिवणार ना काईतरी? बाई ऱ्हातील ना हितं?"

"मी बघितलं ते लिहीन," मी म्हणालो. ते तिला उत्तर म्हणून पुरेसं नव्हतं, हे मला तिथंच कळलं होतं.

एंडलाइन झाली. वाडीवरची दुसरीपासूनची पोरं न बघितलेला परिच्छेद वाचत होती, आणि विचारलं तर अर्थही सांगत होती. एवढ्या वर्षांत असं वाचन मी फार कमी शाळांत ऐकलंय. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, आज पोटभर जेवतो. रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं: इथला युसेज म्हणजे व्हिडिओ थांबवून शिक्षिकेनं शिकवलेला वेळ. फरक शिक्षिकेमुळे पडला आहे. त्यांना तिथून हलवू नये.

प्रसाद सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. माणूस वाईट नाही. पण त्यांना पुढच्या वर्षासाठी पैसे देणारा शोधायचा होता.

"तुमचं बरोबर आहे हो. पण फंडर दोन स्लाइड बघतो. युसेज जास्त, रिझल्ट चांगला. सरळ गोष्ट आहे."

"सरळ आहे, पण खरी नाही."

"मग खाली तळटीप टाकू."

तळटीप म्हणजे स्लाइडच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलेली ओळ. ती कुणी वाचू नये अशीच सोय असते.

सादरीकरण लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये झालं. तालुक्याचे शिक्षण अधिकारी पर्यटकांच्या गाड्यांत अडकून उशिरा आले, त्यामुळे दोन्ही स्लाइड भराभर दाखवल्या गेल्या. हिरवी पट्टी वर, निकाल वर. टाळ्या झाल्या. जेवणाच्या रांगेत मी ताट घेऊन अधिकाऱ्यांच्या मागं उभा राहिलो आणि तळटीप तोंडी सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पनीर वाढून घेत म्हणाले, "म्हणजे पोरं टॅबवर रुळलीत. मग आमचा मोठाच प्रश्न सुटला की. त्या वाडीचा पट कमी आहे, तिथं पूर्णवेळ शिक्षक ठेवणं आम्हाला जड जातं. खालच्या शाळेचे गुरुजी आठवड्यातून अधूनमधून वर चक्कर मारतील. बाकी टॅब आहेतच."

"साहेब, टॅब बाई चालवतात."

"अहो, आता पोरंच चालवतात, आम्ही बघतो ना घरी."

मी पुन्हा बोललो. मग लेखी पत्र दिलं. तालुक्याला गेलो, बाहेर बाकावर बसलो, आत जाऊन परत तेच सांगितलं. प्रत्येक ठिकाणी माझ्यापुढं माझीच पट्टी ठेवली गेली. तुमच्याच संस्थेचा रिपोर्ट आहे ना हा? होता. माझ्याच साक्षीनं माझाच दावा हरावा, तशी माझी गत.

बाईंची बदली झाली. मी फोन केला तेव्हा त्या घोरावाडी स्टेशनच्या फलाटावर होत्या. नवी शाळा तिथून जवळ, घरही जवळ.

"मला सोयीचंच झालं," त्या म्हणाल्या. "गुडघे गेले होते माझे त्या चढावर." मग लोकल आल्याचा आवाज झाला. ती निघून गेल्यावर त्या म्हणाल्या, "सुमी आता कुठं उलटून प्रश्न विचारायला लागली होती. तिच्यावर लक्ष ठेवा हो." लक्ष ठेवणं माझ्या कामात बसत नाही. मी हो म्हणालो.

पुढच्या वर्षीच्या पाहणीला मी वाडीवर गेलो. आवणीच चालू होती. या वेळी शाळा उघडी होती, वरच. गुरुजी आलेले नव्हते. आबांचा गोठा रिकामा होता. आईबाप खाली खाचरात आणि पोरं वर टॅबपुढं, त्यामुळे सगळ्यांनाच निर्धास्त वाटत होतं. तीच ताई त्याच आवाजात बोलत होती आणि पोरं तिच्याबरोबर म्हणत होती, तिच्याच हेलात. 'आजोबा बागेत फिरायला गेले.' शेवटचं 'पुन्हा भेटूया हं, बाळांनो' सुद्धा. मी पहिलीतून दुसरीत गेलेल्या एका मुलीपुढं नवा परिच्छेद ठेवला. तिनं त्यावर बोट फिरवत बागेतले आजोबा म्हणून दाखवले. कागदावर बैलगाडीबद्दल लिहिलं होतं.

मी कागद परत घेतला.

सुमी कोपऱ्यात होती. चौथीत गेलेली. तिला वाचता येत होतं, पण ती टॅबकडे पाठ करून बसली होती.

"का गं, बघत नाहीस?"

"ती थांबत न्हाई, सर. बाई थांबवायच्या."

मी पुढं होऊन बोट टेकवलं. व्हिडिओ थांबला. आजोबांचा एक पाय वरच राहिला. सगळी पोरं एकदम माझ्याकडे वळली आणि वाट बघू लागली, कारण व्हिडिओ थांबला की कुणीतरी काहीतरी विचारतं, हे त्यांच्या अजून लक्षात होतं. सुमी तर सरकून पुढं आली.

आमच्या कामाचा पहिला नियम असा की पाहणी करणाऱ्यानं शिकवायचं नाही. शिकवलं की निकाल बिघडतो. नियम मोडून मी त्यांना त्यांच्या आजोबांबद्दल विचारलं. पोरं बोलली, थोडी अडखळत. मग खाली उतरून शेवटची गाडी गाठायची होती, म्हणून मी उठलो. मी दारातून बाहेर पडेपर्यंत कुणीतरी व्हिडिओ पुन्हा सुरू केला होता.

या धंद्यात मी एवढंच शिकलो. जे मोजता येतं त्याला मुदतवाढ मिळते, जे येत नाही त्याची बदली होते. मी त्या दिवशी पोरांशी बोललो तो वेळही टॅबनं इमानेइतबारे मोजला. वाडीचा युसेज त्याही वर्षी तालुक्यात पहिला आला.