माणूस मोजणारा रफीकचाचा

रफीकचाचा दारव्ह्यात काचा बसवाचं काम करे. कोनाच्याही घरी गेला का टेप खिशातच ठेवे आन पैले इचारे, "आंघोळीले कोन जाते? त्याले चालवून दाखवा." मले वाटलं, हा मानूस येडा हाये. येडा कोन होता, ते पुढं येतेच.

मायी माय पडली, तिचा खुबा मोडला. वॉकर धरून चाले. तिचं एकच म्हननं होतं, "सुनेच्या हातानं नको रे बापू. मायी मले न्हाऊ दे."

म्हनून शॉवर बसवाचं ठरवलं. पानी बाहेर उडून फरशी ओली होऊ नये, यासाठी आडोसा पायजे होता. जावयाच्या नागपूरच्या फ्लॅटात मी काचेची केबिन पायली होती. तिचं दार ढकलाचं होतं, मी आतून ओढत बसलो. शेवटी जावयानं बाहेर काढलं, मी टॉवेलवर. तरी मले तशीच केबिन पायजे!

चाचानं मायले चालवून पायलं. तिचा पाय फरशीवरून उचलतच नव्हता, नुसता घासे.

"काच नको," चाचा म्हने. "फरशीले उतार देऊ, पडदा लावू, भिंतीले धराले दांडी ठोकू."

"पडदा दवाखान्यात असते, चाचा."

"काचेखाली चार बोटं उंबरठा येते, बावा. तुले पानी अडवाचं हाये का माय?"

"होईन तिले सवय."

"घर तुह्यं हाये," चाचा म्हने, आन मंग कुठं टेप काढला.

मी चौथीतून शाळा सोडली, हे त्याले मालूम नव्हतं. नाईतर त्यानं दोनदा सांगतलं असतं.

केबिन बसली. पैल्या दिवशी माय उंबरठ्यापाशी थांबली. मी मांगून बैल हाकल्यासारखा, "टाक ना पाय, टाक!" वॉकर अडकला आन माय काचेवर आदळली. लागलं नाई, पन भेव बसलं ते बसलंच.

दुसऱ्या दिवशी हे आयकून चाचा आला. तो शिव्या देईन म्हनून मी उत्तरं पाठ करून बसलो होतो. त्यानं काच काढली, उंबरठा फोडला, दांडी ठोकली, तिले सोताच लटकून पायलं. मंग मायच्या बाजेपाशी खाली बसला.

"मावशी, रस्ता मोकळा झाला. चला."

"आता नाई होत, रफीक."

पुढं दर बाजारच्या दिवशी तो येऊन इचारे, "आज, मावशी?" माय मानेनंच नाई म्हने. एक दिवस जाता जाता चाचा मले म्हने, "बावा, दांडी मी बसवून देल्ली. हिंमत कुठून बसवू?"

यंदा उन्हाळ्यात चाचा गेला. मी मातीले गेलतो. घरी येऊन मायले सांगतलं. 

"मले चालवून पायनारा तोच एक होता," माय म्हने.

आता बायको तिले बाजेवरच ओल्या फडक्यानं पुसून काढते. पुसून होईपर्यंत माय डोळे गच्च मिटून ठेवते. मी बाहेर जाऊन बसतो.