डक्टमधून गेलेला ठसका

"घर छान आहे गं, पण घराला वासच नाही. कुणाकडे तरी मुक्कामाला आल्यासारखं वाटतं," आई फोनवर म्हणाली.

पलीकडे विंचूरची मावशी होती. मी हॉलमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या कानांवर हेडफोन होते, म्हणून आईला वाटलं मला ऐकू जात नाही. हेडफोनमध्ये काहीच चालू नव्हतं. मी ते बऱ्याचदा नुसतेच लावून बसते. लोक आपल्याशी बोलत नाहीत आणि आपल्याला सगळं ऐकू येतं.

बाबा ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि आम्ही क्वार्टर सोडून नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या या फ्लॅटमध्ये आलो, त्याला तेव्हा तीन महिने झाले होते. चौथा मजला, पांढऱ्या टाइल्स, मॉड्युलर किचन. बाबा खूश होते, सकाळी लिफ्टने उगाच एक चक्कर मारून यायचे. मी घरूनच काम करते, मला माझी खोली मिळाली होती. आईचंच काहीतरी अडलं होतं. भांडी झाली की ती ओटा कोरडा पुसायची आणि हात बांधून उभी राहायची, जणू आता खरी मालकीण येऊन तपासणार आहे. निम्मं सामान खोक्यांतच होतं. विचारलं की म्हणायची, "काढू, काय घाई आहे."

वासाचं काहीतरी करता येईल असं मला वाटलं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे असेल, पण कुठलीही अडचण आली की मी आधी लेख शोधते. नव्या घरात ओळखीचा सुगंध पसरवा, असं एका लेखात होतं. मी लॅव्हेंडरचं तेल आणि ते हवेत सोडणारं एक छोटं यंत्र मागवलं आणि संध्याकाळी कुणाला न सांगता हॉलमध्ये सुरू केलं.

बाबांनी दोनदा हुंगलं. "कोण येऊन गेलं?"

"एसटीत शेजारी एखादी नटलेली बाई बसली ना, की तिच्या पर्समधून असा वास येतो," आई म्हणाली आणि तिने ते बंद करून टीव्हीमागे ठेवून दिलं.

आमच्यापैकी कुणी लॅव्हेंडर कधी पाहिलेलंसुद्धा नाही, हे मला नंतर सुचलं. मग मी क्वार्टरमधले वास आठवून पाहिले. बाबांच्या शर्टाला येणारा मशीनच्या तेलाचा. पेटीतून काढलेल्या गोधड्यांचा. आणि एप्रिलमध्ये दोन दिवस अख्ख्या लाइनीत भरून राहणारा काळ्या मसाल्याचा. आई मागच्या अंगणात मोठ्या कढईत भाजायला बसायची. तेव्हा मी शाळेचा युनिफॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायचे. वर्गातल्या मुलींना आमच्या घरचा वास यायला नको होता. आईने ती पिशवी पाहिली होती. 

एप्रिल आला आणि आई पुन्हा मावशीला सांगत होती, "या वर्षी मसाला तुझ्याकडेच करू. इथे कुठे मिरच्या भाजणार? सगळ्यांची दारं बंद. कुणी काही बोललं म्हणजे?"

मसाला विंचूरला झाला, तर आई या घरात कधीच राहायला येणार नाही, असं मला वाटलं. मी हेडफोन काढले.

"मला शिकव."

"तुला?" आईने फोनवर हात ठेवला. "जिरं कुठलं आणि शहाजिरं कुठलं, सांगता येईल?"

"नाही. म्हणून तर."

"ठसका लागेल."

"लागू दे."

फोनमधून मावशीचं हसणं मला इथपर्यंत ऐकू आलं.

आठवडाभर कांदा गच्चीवर वाळला, बाबा टोपी घालून त्याच्या राखणीला बसले. रविवारी मोठी कढई हवी होती. ती शोधताना चार खोकी उघडली गेली. खोबरं, कांदा, धने, दगडफूल, एकेक करून भाजत गेलो. मी दर मिनिटाला कढईत वाकून रंग बघत होते. "डोळ्यांनी काय बघतेस? नाकाने भाजायचं असतं," आई म्हणाली. खरंच, धने झाले हे मला वासावरून कळलं, तिच्या आधी.

मिरच्या सगळ्यात शेवटी. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी चिमणी पूर्ण वेगात लावली. चिमणीचा पाइप कुठे जातो, हे आम्ही कुणीच पाहिलेलं नव्हतं. तो बाथरूमच्या खिडक्या उघडतात त्या डक्टमध्ये जात होता आणि डक्ट सगळ्या मजल्यांना मिळून एकच.

आधी वरच्या मजल्यावर कुणीतरी शिंकलं. मग खालच्या. मग दोन्हीकडून आळीपाळीने, सवालजवाब चालल्यासारखं. आमच्या स्वयंपाकघरात मात्र हवा स्वच्छ. बाबा आमच्याच बाथरूममधून डोळे पुसत बाहेर आले आणि त्यांना पाहून आई पोट धरून हसली. या घरात ती तशी पहिल्यांदाच हसत होती.

तेवढ्यात बेल वाजली.

आईचं हसू गेलं. तिचा हात गॅसच्या बटणावर गेला. "सांग बाई, बंद करतो म्हणावं. राहिलेलं मावशीकडे नेऊ."

बेल वाजली की मी सहसा खोलीत जाते. पण बाबांना अजून समोरचं दिसत नव्हतं. मी दार उघडलं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू होत्या, नाकावर ओढणी. इतक्या महिन्यांत मी लिफ्टमध्ये त्यांच्याकडे बघून फक्त मान हलवली होती.

"अगं, हे तुमच्याकडून येतंय का? आमचे हे अंगाला साबण लावून आत बसलेत आणि नुसते खोकतायत!"

"सॉरी" अगदी ओठांवर आलं होतं. ते मला फार पटकन येतं. मागे वळून पाहिलं तर आई बटण धरून माझ्याकडेच बघत होती.

"हो काकू, आमच्याच घरातून येतंय," मी म्हणाले. "आईचा वर्षाचा मसाला आहे, दर एप्रिलमध्ये होणार. अजून अर्धा तास लागेल. तुम्ही इकडेच येऊन बसा, ठसका सगळा तुमच्याकडे गेलाय. आणि आई, गॅस बंद करू नकोस."