डोळा नसलेलं पान

आमचे हे, म्हणजे दौलत गोमाजी घाडी, माजिवड्याच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. घरात कधी आवाज चढवला नाही. पगार आणून माझ्या हातात द्यायचे, दारूला शिवले नाहीत. एवढं चांगलं सांगून झालं, आता खरं सांगते. ह्यांना नाथा शेडग्यांचं काही चांगलं झालेलं बघवायचं नाही.

नाथाभावजी आमच्या समोरच्या दारात राहायचे. दोघं एकोणसत्तर साली एकाच दिवशी कारखान्यात लागलेले. एक्क्याऐंशीत डोंबिवलीला कोपर रोडवर आमची इमारत झाली, तेव्हा दोघांनी मिळूनच दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर ब्लॉक घेतले. आम्ही मालवणकडचे, ते साताऱ्याकडचे. भावजी म्हणजे मोकळा गडी. जिना चढताना शीळ घालत चढायचे, त्यामुळे खालच्या मजल्यावर असतानाच कळायचं, शेडगे आले. काही सांगायला लागले की मला हसू आवरायचं नाही, आणि मी हसले की हे पेपर उलटा धरून वाचायचे.

त्र्याऐंशीत भावजींना फोरमन केलं. हात ह्यांचा चांगला होता, हे सगळं खातं मानायचं. पण भावजींना माणसं सांभाळता यायची. ते पेढे घेऊन आले. ह्यांनी हसून पेढा घेतला, "खातो मग," म्हणून फळीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या तरी हात लावला नाही. मीच उचलून टाकला.

ह्यांच्याकडे एकच गोष्ट अशी होती जी भावजींकडे नव्हती. ती म्हणजे मेणफुलाची वेल.

कारखान्यात पूर्वी एक काचघर होतं. एकोणऐंशीत ते पाडलं, तेव्हा तिथल्या दगडू माळ्याने ह्यांना एक फांदी दिली. दर रविवारी दगडू आमच्याकडे चहाला यायचा आणि शिकवून जायचा. जाड, चकचकीत पानं. "पाणी ती पानातच साठवून ठेवती," तो म्हणायचा, "माती पार वाळल्याबिगर पाणी घालू नका. दुपारचं ऊन नको. फुलं गळाली तरी देठ तोडायचा न्हाई, दुसऱ्या साली त्याच देठाला फुलं येत्यात. आन् कळ्या धरल्या की कुंडी जागची हलवायची न्हाई." ह्यांनी विटांचा चुरा, कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळून माती केली, ह्या घरात आल्यावर कुंडी गॅलरीत टांगली आणि लोंबणाऱ्या वेली सुतळीने ग्रिलवर फिरवल्या. रविवारी सकाळी एकेक पान ओल्या फडक्याने पुसायचे. माझ्या आजारपणात माझं कपाळ कधी इतक्या हळू पुसलं नसेल, असं मनात यायचं. हो, मलाही हेवा वाटायचा.

पाच वर्षं नुसती पानं. चौऱ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये पहिली फुलं आली. छत्रीसारखा गोल झुबका, त्यात पंचवीस-तीस चांदण्या, फिकट गुलाबी. बोट लावलं तर खरोखर मेणाची वाटावी. मधोमध लाल ठिपका आणि त्यावर मधाचा थेंब. दिवेलागणीला असा वास सुटायचा की जिन्यातून जाणारी माणसं दार वाजवायची. सगळी इमारत येऊन बघून गेली. नाथाभावजीही आले. कुंडीखाली उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांना काही विनोद सुचला नाही.

"दौलत," बऱ्याच वेळाने म्हणाले, "लेका, मला एक फांदी दे की रे."

"देतो ना," हे म्हणाले. त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त जेवले.

देतो देतो करत वर्ष काढलं. भावजी विचारायचे, हे म्हणायचे, आता उन्हाळा आहे, आता पाऊस आहे, आता थंडी आहे. शेवटी पंच्याऐंशीच्या गुढीपाडव्याला भावजी घरातच येऊन बसले. "आज मुहूर्त आहे. आज घेतल्याशिवाय उठत नाही."

हे ब्लेड घेऊन गॅलरीत गेले. मी ओट्याशी होते, मला दिसत होतं. त्यांनी फांदीला ब्लेड लावलंच नाही. एक छान मोठं पान निवडलं आणि त्याच्या देठाशी कापलं. फक्त पान.

ह्याचा अर्थ मला कळत होता. दगडूने माझ्यासमोर सांगितलेलं, पान फांदीला जिथे चिकटतं तिथे डोळा असतो, त्यातून वेल फुटते. फांदीचा तुकडा डोळ्यासकट लावावा लागतो. नुसतं पान लावलं तर त्याला मुळं फुटतात, ते वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण वेल कधीच होत नाही.

मी हळूच म्हटलं, "अहो, डोळा?"

"तू पुरण बघ," हे म्हणाले.

मी बोलू शकले असते. भावजी चार पावलांवर बसले होते. पण तेव्हा फ्रीज शेवंतीकडे होता, म्हणजे भावजींच्या बायकोकडे. पाहुणे आले की वाटी घेऊन बर्फ मागायला मला तिच्या दारात जावं लागायचं. ती कधीच नाही म्हणायची नाही, वर "अजून घे गं," म्हणायची. ते "अजून घे" मला टोचायचं. मी पुरण ढवळत राहिले.

भावजींनी ते पान कान तुटलेल्या कपात लावलं आणि कप पॅसेजच्या खिडकीत, आमच्या दारातून दिसेल असा ठेवला. महिन्याने आनंदाने दार वाजवलं. "रुजलं रे! हलवून बघितलं, घट्ट आहे!"

"वेळ लागतो त्याला," हे म्हणाले. "धीर धर."

मग दर रविवारी भावजी विचारायचे आणि हे गंभीर चेहऱ्याने सल्ला द्यायचे. पाणी कमी कर. थोडी राख घाल. कप जरा उजेडाकडे सरकव. दार लावल्यावर ह्यांच्या तोंडावर जे समाधान दिसायचं, ते मला बघवायचं नाही आणि तरी मी कुणाला काही सांगितलं नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. पान तसंच, टवटवीत, एकटं.

पण पुढे पुढे ह्यांची मजा कमी होत गेली. भावजी कंटाळले नाहीत. साताऱ्याहून पाहुणे आले की त्यांनाही कप दाखवायचे. "हे आमच्या दौलतने दिलंय." पाहुणे एका पानाकडे बघून मान डोलवायचे. हे सकाळी बूट घालताना समोर तो कप बघायचे आणि नाडी दोनदा बांधायचे. मग डोक्यात नवीनच शिरलं. नाथा कधीतरी आमची फांदी चोरणार. बाहेर जाताना गॅलरीचं दार आतून लावून घ्यायला लागले.

एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये गावाहून तार आली. सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं. जायलाच हवं होतं, आणि किती दिवस ते सांगता येत नव्हतं. नेमक्या तेव्हाच वेलीवर मोहरीएवढ्या कळ्या धरल्या होत्या, एरवीपेक्षा खूप जास्त. कुंडी हलवायची नाही, म्हणजे ती दुसऱ्याकडे ठेवायला नेता येणार नाही. घराची किल्लीच द्यावी लागणार. आणि समोरचं दार सोडून दुसऱ्या कुणाला किल्ली दिली असती तर इमारतीत बोभाटा झाला असता.

जायच्या आदल्या दिवशी ह्यांनी स्टुलावर चढून पानं मोजली. दोनशे चौदा. कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं. मी बॅग भरत होते. म्हटलं, "आई तिकडे पडल्यात."

"माहीत आहे मला," हे म्हणाले आणि एक फांदी पुन्हा मोजली.

गावाला सहा आठवडे गेले. सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या, मग आम्ही परतलो. जिन्यात पहिल्या मजल्यावरची बाई भेटली. म्हणाली, "काय फुललेली तुमची वेल! आम्ही रोज संध्याकाळी वर यायचो. शेडगे खुर्च्या मांडायचे, शेवंती चहा द्यायची."

दार उघडलं तर गॅलरीची फरशी मधाने चिकट झालेली, बहर ओसरत आलेला. शेवटचे तीन झुबके राहिले होते. भावजी मागोमाग आले, चेहरा नुसता उजळलेला. "दौलत, तू पाहिजे होतास रे! एकोणीस झुबके! मी मोजले. पाण्याची बोंब होती, म्हणून दहा दिवसांनी पेलाभर घालायचो. त्याचाच गुण आला बघ."

आमच्याकडे एका वेळी सातच्या वर कधी आले नव्हते.

भावजी गेल्यावर हे आंघोळ नाही, चहा नाही, तसेच स्टुलावर चढले. दोनशे एकवीस पानं. एकही कमी नव्हतं, सात नवीन आली होती. मला वाटलं, आता तरी शांत होतील. उलट खाली उतरून तडक समोरचं दार ठोठावलं.

"सहा आठवडे किल्ली तुझ्याकडे होती," हे पॅसेजमध्ये उभं राहून म्हणाले. "फांदी का नाही घेतलीस?"

भावजी बनियनवर बाहेर आले. आधी त्यांना कळलंच नाही. मग त्यांनी खिडकीतल्या कपाकडे बघितलं.

"तू दिलंयस की मला," ते म्हणाले.

"ते..." हे अडखळले.

"त्याला डोळा नाही, माहीत आहे मला. त्याच वर्षी दिवाळीत दगडूला दाखवलं. तो म्हणाला, ह्याची वेल होणं नाही, कुणी दिलं?"

"मग फेकून का नाही दिलंस?"

"तुला रोज दिसावं म्हणून." भावजींचा आवाज एरवीचा नव्हता. "चार वर्षं पाणी घालतोय मी. तू सकाळी बूट घालतोस तेव्हा आतून बघत असतो. आज दौलत बोलेल, उद्या बोलेल. दर रविवारी तुला विचारायला यायचो, ते काय मी खुळा म्हणून?"

हे भिंतीला टेकले. भावजी थांबायला तयार नव्हते.

"पेढासुद्धा खाल्ला नाहीस माझा. मुंग्या लागलेल्या, शेवंतीने बघितलं. कशाचा राग एवढा? फोरमन झालो म्हणून? जॉब बिघडला, दोन थाऊचा, केसाएवढा फरक आला की साहेब माझ्या टेबलावरून पुढे जातो आणि तुझ्या मशीनपाशी उभा राहतो. सगळ्या खात्यासमोर. सहा वर्षं बघतोय मी ते. मला काय वाटत असेल, कधी विचारलंस?"

शेवंती दारात आली होती, मी आमच्या दारात. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनीही खाली बघितलं. भावजींनी दार लावून घेतलं.

त्यानंतर दोघं जवळजवळ वर्षभर बोलले नाहीत. मग खात्यात संप झाला, तेव्हा कामापुरतं बोलायला लागले. पण शीळ बंद झाली ती झालीच. हे कधीतरी एकटेच म्हणायचे, "साहेब टेबलावरून पुढे जायचा, हे मला दिसलंच नव्हतं." त्यात पश्चात्ताप होता, पण थोडी खुशीही होती. खोटं कशाला सांगू?

चौऱ्याण्णवमध्ये भावजींनी कळव्याला मोठा ब्लॉक घेतला. दोन खोल्या जास्त, गॅलरी दोन बाजूंना. सामान हलवायच्या दिवशी ह्यांनी कपाट उचलायला खांदा दिला आणि परत येऊन म्हणाले, "कळव्याला डास असतात." मी मात्र त्या दिवशी सकाळी, हे दूध आणायला गेले तेव्हा, वेलीची तीन डोळ्यांची फांदी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि शेवंतीला दिली. म्हटलं, "पाडव्याला मी बघत होते. बोलले नाही." ती फांदीकडे बघत राहिली. "दौलतभावजींना सांगू नकोस," एवढंच म्हणाली.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात त्यांच्या धाकट्या मुलीच्या साखरपुड्याला आम्ही कळव्याला गेलो. हे गॅलरीत हात धुवायला म्हणून गेले ते आलेच नाहीत. मी जाऊन बघते तर वर वेल टांगलेली, आणि झुबके, झुबके. हे ओठ हलवत मोजत होते. शेजारी भावजी उभे, केस पार पिकलेले.

"कुंडी फार मोठी घेतलीस," हे शेवटी म्हणाले. "माती ओली राहते. मुळं कुजतील."

"तुला नाही आवडली?"

"कुंडी चुकीची आहे म्हणतोय."

परत येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "तू दिलीस?"

"हो."

मला वाटलं आता सुरू होतील. ते डोंबिवली येईपर्यंत रस्त्याकडे बघत बसले.

पुढच्या रविवारी सकाळी उठून त्यांनी मातीची एक बेताची कुंडी पिशवीत घातली, कोळशाची पुडी घातली आणि कळव्याला गेले. परतले ते संध्याकाळी, नखांत माती तशीच.

"काय केलंत दिवसभर?" मी विचारलं.

"बहर आहे तोवर कुंडी बदलायची नाही, त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग आणलीस कशाला? वाद झाला." हे पाय पसरून बसले. "शेवंतीने मटण केलेलं. जेवलो, तिथेच जरा पडलो."

"मग नखांत माती कसली?"

"त्याची तुळस नीट लावलेली नव्हती," हे म्हणाले. "ती लावून दिली. फुलं गळली की पुन्हा ये म्हणाला. पावसाआधी जाईन."